मढीच्या यात्रेत नजरबंदीची शाळा



फाल्गुन आला, ज्वारीची काढणी उरकली, हरभरा घरात आला, गहू खळ्यावर पडला, की आपल्याकडे यात्रा-जत्रांचे दिवस सुरू होतात. कुणाला नवस फेडायचा असतो, कुणाला जनावर पाहायचे असते, मुलांना पाळण्यात बसायचे असते. अशा वेळी एकदा तरी मढीला जाऊन यावे, असे मी आपणांस सुचवीन. देवदर्शन तर होईलच. पण त्याबरोबर एक विद्या तेथे पाहायला मिळते, ती आपल्या शाळा-कॉलेजांत शिकवीत नाहीत. माणसाचे दोन्ही डोळे उघडे असताना त्याला दिसू नये असे काम त्याच्यासमोर कसे करावे, ही ती विद्या. आपण तिला नजरबंदी म्हणतो. ती शिकणाऱ्याला शिकता येते आणि पाहणाऱ्याला ओळखता येते. ओळखता आली तर आपल्या संसारात तिचा फार उपयोग आहे. तो कसा, हेच सांगण्यासाठी हा लेख.

भटक्यांची पंढरी

मढी हे गाव अहिल्यानगर, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यात आहे. नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागावे, करंजीचा घाट ओलांडावा, तिसगाव मागे टाकावे आणि निवडुंग्याहून आत वळावे. सगळा मुलूख अवर्षणप्रवण. हलकी मुरमाड जमीन, बांधाला बाभळी-निंब, आणि दिवाळी झाली की ऊसतोडीला बाहेर पडणारी माणसे. दुरूनच टेकडीवर दगडी तट दिसू लागतो. पाहणाऱ्याला वाटावे, हा किल्लाच आहे. तेथे नवनाथांपैकी कानिफनाथांची समाधी आहे.

होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत ही यात्रा भरते. रंगपंचमीचा दिवस मुख्य. यात्रेच्या आधी गावकरी व्रत पाळतात. घरात तळण करीत नाहीत, गादी-पलंगावर झोपत नाहीत. प्रसाद म्हणजे रेवडी. रेवड्यांचे ढीग लावलेली दुकाने पाहून लहान मुलांचे पाय तेथेच अडतात.

मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. गोपाळ, वैदू, कैकाडी, कोल्हाटी, बेलदार, घिसाडी, अशा किती तरी जमातींची माणसे येथे येतात. हा तट बांधताना त्यांच्या पूर्वजांनी दगड वाहिले, असे सांगतात. पूर्वी त्यांच्या जातपंचायती येथे भरत. सोयरिकी येथे जुळत. ज्यांना गाव नाही, शिव नाही, त्यांना वर्षातून एकदा भेटायला जागा हवी. ती जागा मढी. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून यांतल्या कित्येक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा रद्द व्हायला स्वातंत्र्यानंतरही १९५२ साल उजाडावे लागले. ही गोष्ट ध्यानात ठेवून मग या यात्रेतली गर्दी पाहावी.

आणि गाढवांचा बाजार! आपल्याकडच्या गावरान गाढवांपासून उंच, धिप्पाड काठेवाडी गाढवांपर्यंत सगळी जात येथे उभी असते. वीटभट्टीवाले, माती-वाळू वाहणारे, डोंगराळ भागात ओझी नेणारे लोक दूरदूरहून येतात. दात पाहतात, खूर पाहतात, पाठीवर जखम आहे का ते हात फिरवून पाहतात.

समोरासमोरचे दोन मांडव

गेल्या यात्रेत बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकासाठी आमचा एक छोटा मांडव तेथे होता. मी तीन दिवस त्यात बसून होतो. समोरच, वीस-पंचवीस पावलांवर, एका गारुडीबाबाचे रिंगण होते. बाबा सत्तरीचे. बरोबर अकरा-बारा वर्षांचा नातू. सामान म्हणजे एक डुगडुगी, एक पोते आणि ती प्रसिद्ध पोतडी. साप नाही. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला, तेव्हापासून गारुड्याला साप बाळगता येत नाही. त्यामुळे पुंगी गेली आणि हातचलाखी तेवढी राहिली.

आमच्या मांडवात चार माणसे असली तर बाबांच्या रिंगणात दीडशे. दिवसाला सहा-सात खेळ होत. एकच खेळ वीस वेळा पाहिला की त्यातले सांधे दिसू लागतात, जसे रोज शेतावर जाणाऱ्याला पानावरची कीड लवकर दिसते. दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हाने गर्दी ओसरली तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन बाबांकडे गेलो आणि सरळ विचारले, “बाबा, ही नजर बांधायची विद्या शिकायची कशी?”

बाबा हसले. म्हणाले, “सायेब, नजर बांधता येत न्हाई. बांधाया गेलं की ती दावं तोडती. नजरंला काम द्यावं लागतं.”

बंधूंनो, हे वाक्य ऐकले आणि मला आपले सापळा पीक आठवले. टोमॅटोच्या प्लॉटमध्ये आपण झेंडू का लावतो? फळ पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाला आपण हाकलत नाही. त्याला आवडणारी पिवळी फुले दुसरीकडे देतो. तो आपखुशीने तेथे जातो, अंडी तेथे घालतो आणि टोमॅटोवरचा भार हलका होतो. गारुड्याचे सगळे शास्त्र एवढेच आहे. पाहणाऱ्याला झेंडू दाखवायचा.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी मला जे सांगितले आणि नातवाला शिकवताना मी जे पाहिले, ते तीन धड्यांत मांडतो. लिहू का, असेही मी विचारले होते. बाबा म्हणाले, “लिवा की. लिवून कुनाला पवाया येतंय व्हय?”

पहिला धडा : नजरेचा

खेळ सगळ्यांनी पाहिलेला असतो. पोत्यावर तीन लाकडी वाट्या पालथ्या. प्रत्येक वाटीला वर धरायला बोंड. चिंध्यांच्या बोराएवढ्या गोळ्या. बाबा उजव्या हाताने गोळी उचलतात, डाव्या हातात देतात, डावी मूठ मिटतात, फुंकर घालतात आणि मूठ उघडतात. गोळी नाही! वाटी उचलतात, तर गोळी तेथे!

लोक म्हणतात, “हात काय चपळ आहे!” मी वीस वेळा पाहिले. हात मुळीच चपळ नव्हता. बाबांची बोटे सांधेदुखीने आखडलेली आहेत; थंडीत त्यांना विडी धरवत नाही. गोळी डाव्या हातात गेलेलीच नव्हती, ती उजव्या तळहातात राहिली होती. पण बाबांचे डोळे डाव्या मुठीमागे गेले, मान तिकडे वळली, आणि दीडशे माणसांचे डोळे त्यांच्या डोळ्यांमागे गेले. उजवा हात सावकाश खाली आला आणि मांडीवर विसावला. त्या हाताकडे कुणीच पाहत नव्हते.

शास्त्रज्ञांनीही याचा अभ्यास केलेला आहे. २००६ साली इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी एक चित्रफीत लोकांना दाखवली. जादूगार चेंडू दोनदा वर फेकतो आणि झेलतो. तिसऱ्यांदा नुसता हात वर करतो, चेंडू मुठीतच ठेवतो, पण नजर वर नेतो. पाहणाऱ्यांपैकी दर तिघांत सुमारे दोघांनी सांगितले की चेंडू वर जाताना आम्ही पाहिला! तोच खेळ जादूगाराने स्वतःच्या हाताकडे पाहत केला, तेव्हा फसणारे तिघांत एकाच्या आसपास उरले. म्हणजे काम हाताचे नव्हते. काम नजरेचे होते.

हे शिकायचे कसे? बाबांचा नातू शिकत होता, ते सांगतो. आजोबांनी त्याला आधी खोटे करूच दिले नाही. “पयलं खरं दे,” म्हणाले. गोळी उजव्या हातातून डाव्या हातात खरोखर द्यायची. शंभर वेळा. देताना आपले डोळे कुठे जातात, मनगट किती वळते, गोळी घेतलेली मूठ किती सैल असते, ते पाहायचे. मग एकदा खोटे द्यायचे. खऱ्यात आणि खोट्यात फरक दिसला की पुन्हा शंभर वेळा खरे.

पोराचे घोडे एकाच ठिकाणी अडत होते. गोळी ज्या हातात लपवली त्या हाताकडे त्याचे डोळे चोरून जात. आजोबा लगेच काठीने पोत्यावर टकटक करीत. चोराच्या मनात चांदणे, ही म्हण आपण नेहमी वापरतो. गारुड्याच्या शाळेत हीच सगळ्यांत मोठी अडचण. ज्याला लपवायचे आहे त्याने लपवलेली वस्तू स्वतःसुद्धा विसरली पाहिजे.

त्यासाठी एक युक्ती होती. पोराच्या तळहातात सकाळी एक चिंचोका दिलेला असे. तो तेथेच अडकवून ठेवून दिवसभराची कामे करायची. पाणी आणायचे, भाकरी मोडायची, गाढवाला वैरण टाकायची. चिंचोका पडता कामा नये आणि हात आखडलेला दिसता कामा नये. तिसऱ्या दिवशी पोराने मला चहाची कपबशी आणून दिली, नमस्कार केला आणि दोन्ही हात मोकळे सोडून उभा राहिला. आजोबांनी खूण केली तेव्हा त्याने उजवा तळहात उलटा केला. चिंचोका तेथे होता. घामाने काळा चकचकीत झालेला. आजोबा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी संध्याकाळच्या खेळात त्यांनी पोराला पहिली वाटी उचलू दिली.

दुसरा धडा : कारणाचा

हात उगाच हलला की माणसाला संशय येतो. हाताला कारण असले की संशय येत नाही. गारुड्याच्या पोतडीत चिमूटभर राख असते. ती राख कशासाठी? लोकांना वाटते, मंत्राची आहे. खरे म्हणजे हात पोतडीत जाण्यासाठी ते कारण आहे. राख आणायला गेलेला हात गोळी तेथे ठेवून येतो किंवा दुसरे काही घेऊन येतो. डुगडुगी उचलणे, बाही सारणे, काठी काखेत धरणे, खाकरणे, या सगळ्यांना कामे नेमून दिलेली असतात.

शिवाय मोठी हालचाल लहान हालचालीला झाकते. डावा हात डुगडुगी घेऊन आभाळाकडे जातो, तेव्हा उजव्या हाताची दोन बोटे वाटीखाली काय करतात ते कुणाला दिसत नाही. १९९९ साली अमेरिकेत असाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही मुले एकमेकांकडे चेंडू टाकीत आहेत अशी चित्रफीत दाखवून, पांढऱ्या कपड्यांतल्या मुलांनी किती वेळा चेंडू दिला ते मोजा, असे पाहणाऱ्यांना सांगितले. मध्येच गोरिलाचे सोंग घेतलेले एक माणूस त्या मुलांमधून चालत आले, छाती बडवून निघून गेले. मोजणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते दिसलेच नाही! डोळे धड होते, उजेड भरपूर होता. पण मन मोजण्यात गुंतले होते. बाबांच्या भाषेत, नजरेला काम दिले होते.

हल्ली गारुड्यापुढे नवी अडचण आली आहे, मोबाईलची. पोरे खेळाचे चित्रण करतात आणि सावकाश चालवून हात पकडतात. दुसऱ्या दिवशी एक कॉलेजचा मुलगा अगदी पुढे मोबाईल धरून उभा होता. बाबांनी खेळ थांबवला नाही की त्याला रागावले नाहीत. “ये रं वाघा,” म्हणून त्याला आत बोलावले, एका हातात एक वाटी दिली, दुसऱ्या हातात दुसरी दिली आणि म्हणाले, “घट्ट धर, गोळी पळंल.” मुलाने मोबाईल खिशात घातला. टाळ्या पडल्या. त्याला आपण फसलो असे वाटले नाही, आपल्याला मान मिळाला असे वाटले. हे कसब थोर आहे.

तिसरा धडा : वेळेचा

खेळ संपताना वाटीखालून गोळीऐवजी भले मोठे लिंबू निघते. ते तेथे केव्हा गेले? मी पुनःपुन्हा पाहिले तेव्हा कळले. त्याआधी बाबा एक विनोद करतात. एखाद्या जाडजूड पाटलाला विचारतात, “पाटील, गोळी तुमच्या पोटात तर न्हाई ना गेली?” सगळे रिंगण हसते, पाटलाकडे पाहते. हसताना माणसाचे डोळे ढिले पडतात. लिंबू त्या हसण्यात जाते. लोक पुन्हा सावध होऊन वाटीकडे पाहू लागतात, तोवर काम होऊन गेलेले असते. बाबा म्हणाले, “लोकांला वाटतं आता सुरू व्हनार. आपलं तवा उरकल्यालं पायजे.”

या धड्याचा सर्वांत सुंदर दाखला म्हणजे आंब्याचे झाड. कोय मातीत पुरायची, वर कापड घालायचे. कापड काढले की अंकुर, पुन्हा झाकून काढले की वीतभर रोप. हा आपल्या देशातला फार जुना खेळ आहे. बघता बघता झाडे उगवणाऱ्या बंगाली जादूगारांची हकीकत जहांगीर बादशहाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या आठवणींतही येते.

मी बाबांना म्हणालो, आंब्याचे दाखवा. तर ते म्हणाले, “फाल्गुनात कोय कुठनं आनू?” मी शेतीखात्याचा माणूस, मला लगेच उमगले. आंब्याच्या कोयीची उगवणशक्ती फार टिकत नाही. महिनाभरात ती बरीच खालावते. म्हणून रोपवाटिकेत ताजी कोय लावतात. उगवायला तिला दोन-तीन आठवडे लागतात. तेव्हा हा खेळ मृगापासून आषाढापर्यंतच करायचा. त्या दिवसांत गावोगावच्या उकिरड्यावर खाऊन टाकलेल्या कोया आपोआप उगवलेल्या असतात. कुणाला नुसता कोंब, कुणाला बोटभर दांडा, कुणाला तांबूस कोवळी पाने. बाबा पहाटे उकिरडे पाहत फिरतात आणि लहान-मोठी रोपे कोयीसकट उपसून ओल्या फडक्यात ठेवतात. दुपारी लोक ‘एक क्षणात उगवले’ म्हणून तोंडात बोट घालतात. ते उगवलेले असते पंधरा-वीस दिवसांपूर्वी, त्यांच्याच उकिरड्यावर! कापडाखाली काय होते ते मी येथे लिहीत नाही. तेवढे बाबांचे पोट आहे.

दुसरे रिंगण

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांबरोबर गाढवांच्या बाजारात गेलो. तेथे एक सौदा चालला होता. दोन माणसांनी उपरण्याखाली हात घातले होते. बोटे धरून भाव सांगण्याची ही पद्धत आपण जनावरांच्या बाजारात पाहतोच. एक बोट, दोन बोटे, सगळा पंजा; त्यात शेकडा की हजार ते धरणाऱ्यांनाच ठाऊक. शेजारी तिसरा दलाल मोठमोठ्याने गाढवाच्या दातांचे वर्णन करीत होता आणि मालक बिचारा दातांकडे पाहत होता. बाबा मला हळूच म्हणाले, “सायेब, कापड आमचंबी आन् त्यांचंबी. आमी येऊन सांगतो का फसवनार हाये. त्ये सांगत न्हाईत.”

आपल्या शेतमालाच्या बाजारातही हत्त्याची ही पद्धत फार वर्षे चालत होती. शेतकऱ्याच्या मालाचा भाव त्याच्यादेखत, पण त्याला न कळता ठरत असे. नियमित बाजार आवारात उघड लिलावाचा आग्रह धरला गेला तो याचसाठी.

आता आपल्या घराकडे वळू. मृगाच्या तोंडावर बियाणे घ्यायला आपण दुकानात जातो. पिशवीवर भरघोस कणसाचे किंवा शेंगांनी लगडलेल्या झाडाचे रंगीत चित्र असते. विकणारा बोट चित्रावर ठेवतो आणि म्हणतो, “शेवटच्या चार पिशव्या राहिल्यात, संध्याकाळपर्यंत संपतील.” बंधूंनो, येथे थांबा. चित्र हा झेंडू आहे. घाई ही डुगडुगी आहे. आपली नजर पिशवीच्या शिवणीकडे गेली पाहिजे. तेथे टॅग असतो. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, पायाभूत बियाण्याचा पांढरा, आणि कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या सत्यप्रत बियाण्याचे लेबल हिरवट. त्यावर गट क्रमांक, तपासणीची तारीख, वैधतेची मुदत आणि उगवणशक्ती छापलेली असते. सोयाबीनला ती किमान ७० टक्के हवी. पावती घ्यावी. पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते घरीच मोजावे. ही मोजणी अशी आहे की तिच्यावर कुणाची डुगडुगी चालत नाही.

दारावर येणारे दुप्पट उत्पन्नाचे औषध, एका रात्रीत पैसे दुप्पट करणारा बुवा, अंगठा घेण्यापूर्वी फार गोड बोलणारा माणूस, यांनाही हाच प्रश्न लावावा : हा मला कुठे बघायला सांगतो आहे, आणि त्याचा दुसरा हात कुठे आहे? भगिनींनी हा प्रश्न घरात जरूर विचारावा. माझा अनुभव असा की सौद्याच्या वेळी मागे उभ्या असलेल्या घरधनिणीला दुसरा हात आधी दिसतो, कारण बोलणाऱ्याने तिच्या नजरेला काम दिलेले नसते.

त्यांचे पुढे काय?

बाबांना दोन मुलगे. दोघांनीही पोतडी घेतली नाही. एक वीटभट्टीवर आहे, दुसरा ऊसतोडीला जातो. त्यांना मी दोष देत नाही. रस्त्यावर खेळ करून पैसे घेणे हे आपल्या राज्यात १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत भीक मागण्यातच बसते. चाळीस वर्षे घासून हात तयार करणारा आणि हात पसरणारा, दोघे एकाच ओळीत! बाबांना किती तरी गावांतून उठवून लावलेले आहे. ते सांगताना त्यांचा आवाज चढला नाही, पण त्या वेळी त्यांनी नातवाला पाणी आणायला पाठवले होते, हे मी पाहिले.

नातू आश्रमशाळेत सहावीत आहे. यात्रेपुरता आजोबांबरोबर येतो. पुढे काय करणार, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, “आधी दहावी.” मग जरा थांबून म्हणाला, “वाट्या पण ठेवणार.” या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात. आपल्या महाराष्ट्रात जादूगार रघुवीरांनी ही कला रंगमंचावर नेली, देश-परदेश गाजवले, मान मिळवला. शाळांच्या स्नेहसंमेलनात, ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमात, बाजारच्या दिवशी अशा कलावंताला ठरलेले मानधन देऊन बोलावणे आपल्या हातात आहे. चमत्कारामागचे कारण मुलांना दाखवायला याच्याइतका चांगला शिक्षक मिळणार नाही. आमच्या मांडवापुरते सांगायचे तर, शेवटच्या दिवशी बाबांनी आपला एक खेळ आमच्याच दाराशी लावला आणि खेळ संपल्यावर लोकांना म्हणाले, “आता ह्या सायबांची वाटी बगा, हितं खरं बी उगवतं.” त्या दिवशी बीजप्रक्रिया पाहायला पन्नासाच्या वर माणसे थांबली.

घरी करून पाहा

शेवटी मुलांसाठी एक अभ्यास देतो. भुईमुगाची एक शेंग घ्यावी. उजव्या हातातून डाव्या हातात खरोखर द्यावी, आरशासमोर, पन्नास वेळा. आपले डोळे कुठे जातात ते पाहावे. मग एकदा देण्याचे सोंग करावे, शेंग उजव्या हातातच ठेवावी, पण डोळे डाव्या मुठीकडेच न्यावेत. उजवा हात लपवू नये, घाईने मागे नेऊ नये. सहज खाली सोडावा. आठवडाभराने आजीला दाखवावे. आजी फसली तर शेंग आजीलाच द्यावी. ज्या मुलाने हे स्वतः करून पाहिले, त्याला पुढे आयुष्यात दुसऱ्याने फसवणे जरा अवघड जाते.

आणि मढीला जाणार असाल तर रंगपंचमीच्या आधी एक-दोन दिवस जावे, गर्दी थोडी कमी असते. ऊन कडक असते. पाणी आणि टोपी बरोबर असू द्यावी. दर्शन घ्यावे, रेवडी घ्यावी, गाढवांचा बाजार पाहावा. मग डुगडुगीचा आवाज येईल तिकडे जावे. एक खेळ आनंदाने फसून पाहावा, दुसरा खेळ गारुड्याच्या रिकाम्या वाटणाऱ्या हाताकडे लक्ष ठेवून पाहावा. खेळ संपत आला की एक पोर पत्र्याचा डबा घेऊन रिंगणात फिरेल. पुष्कळ लोक नेमके त्याच वेळी मागे सरकतात. आपण सरकू नये. आपण दोन खेळ पाहिलेले असतात. दोन्हींचे पैसे डब्यात टाकावेत.